चाळणीने टाकलेली तीन पदं

या, असे जवळ सरकून बसा. दाराशी रेंगाळलेल्यांनीही आत यावं, जागा होते. आज सांगायची आहे ती गोष्ट आकाशाची आहे, पण आकाश तिच्यात फारसं दिसायचं नाही. दिसेल एक जेवणाचं टेबल, एक काळा फळा आणि गरम इस्त्री. ज्याने सूर्यचंद्र टांगून ठेवले त्याची करणी पाहायला दर वेळी मान वर करावी लागते असं थोडंच आहे? पेन्सिल धरून, मान खाली घालून बसलेल्यालाही तो एखाद्या दुपारी दर्शन देऊन जातो. तसं ते एका मुलीला झालं, त्याची ही गोष्ट.

मुलगी म्हणायचं ते लाडाने. वय एकतीस, चष्म्याचा नंबर वाढता, आणि केसात कायम एक पेन्सिल खोचलेली. आई लहानपणीच गेली म्हणून मावशीने वाढवलं, आणि मावशीचा दरारा असा की तिसऱ्या मजल्यापर्यंतचा सगळा जिना या मुलीला ‘भाची’ म्हणूनच ओळखायचा. आपणही भाचीच म्हणू.

भाची एका संशोधन संस्थेत काम करायची. काय काम करायची ते आधी समजून घेऊ. घाबरू नका, पाढ्यांच्या पुढे नेणार नाही.

आकाशात दोन जड तारे एकमेकांभोवती फिरतात. ते कसे फिरतात हे काढायचं तर तुम्हीआम्ही त्यांच्या फेऱ्या मोजत बसू. भाचीच्या संस्थेतली मंडळी उलट्या वाटेने जायची. ती म्हणायची, ताऱ्यांना घटकाभर कण समजा, अगदी डोळ्याला न दिसणारे. ते लांबून एकमेकांच्या दिशेने सोडून द्या. जवळून जाताना ते एकमेकांना ओढतात, वाट वाकते, विखुरतात. त्या विखुरण्याचं एक सूत्र असतं, त्याला ही मंडळी अँप्लिट्यूड म्हणतात. आणि गंमत अशी की कणांचं ते सूत्र नीट उकललं, तर त्यातून ताऱ्यांमधली ओढ जशीच्या तशी बाहेर येते. कुठे तो नखाएवढाही नसलेला कण आणि कुठे तो धगधगता डोंगर! पण दोघांना चालवणारा नियम एक. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा भाची वर्गात उभीच राहिली होती. शिक्षकांना वाटलं, तिला काही शंका आहे.

सूत्र मांडायला ही मंडळी चित्रं काढायची. वस्तूसाठी सरळ जाड रेघ, ओढीसाठी नागमोडी रेघ. दोन वस्तू, मधे नागमोडी. इतकं सोपं.

आता तिसरी वस्तू आणा. तुम्ही म्हणाल, त्यात काय? पहिल्या-दुसऱ्याची ओढ, दुसऱ्या-तिसऱ्याची, तिसऱ्या-पहिल्याची, तिन्हींची बेरीज केली की झालं. नाही हो! इथेच तर त्या कारागिराने कमाल केली आहे. ओढीलाही ओढ असते. तिघांकडून निघालेल्या तीन नागमोडी रेघा मधेच एका गाठीत येऊन भेटतात. त्या गाठीतून जी ओढ निघते ती कुठल्याच जोडीची नसते. ती तिघांची मिळून असते. तिघांतला एक उठून गेला की ती नाहीशी, मग उरलेल्या दोघांत कितीही शोधा, सापडायची नाही.

ज्या दिवशी भाचीने हे पहिल्यांदा स्वतःच्या हाताने मांडून पाहिलं, त्या दिवशी ती बसमध्ये न बसता चालत घरी आली. पायाखालची जमीन, डोक्यावरचा सूर्य आणि दिवसाढवळ्या फिकट दिसणारा चंद्र यांच्यात अशी एक गाठ आहे आणि आपण त्या गाठीत उभे आहोत, या विचाराने तिला दोनदा रस्त्यात थांबावं लागलं.

“मावशी,” दारातूनच ती म्हणाली, “चंद्र, सूर्य आणि पृथ्वी मिळून असं काहीतरी होतं, जे त्यांच्यातल्या कुठल्याही दोघांत नसतं.”

“हो का?” मावशी म्हणाली. “मग तिघांना मिळून भाजी आणायला सांग. तू सकाळपासून विसरली आहेस.”

तर ही मावशी. इस्पितळात चौतीस वर्षं नर्स होती, आता निवृत्त. आवाज अजून वॉर्डातलाच. माया पोटभर, पण ती दाखवायची वेळ आली की हिला धुणं आठवायचं.

भाचीला मिळालेलं काम होतं हेच तिघांचं. वस्तू कितीही वेगाने जात असोत, तिघांची मिळून जी ओढ आहे तिचं पुरतं सूत्र काढायचं. तीन वर्षांची मुदत. चित्रं शेकडो, पदं, म्हणजे सूत्रात बेरजेने जोडलेले तुकडे, हजारो, त्यामुळे बरंचसं काम कॉम्प्युटरवर. आणि ती जिथे काम करायची ते दालन होतं सरांचं.

सर म्हणजे काय माणूस सांगू! गुडघा आखडलेला, शर्टाची बाही कायम खडूने पांढरी. स्वतःचा खडू स्वतःच्या डबीत ठेवायचे, त्याला कोणी हात लावायचा नाही. गणित सुरू करण्याआधी फळ्यासमोर डोळे मिटून क्षणभर उभे राहायचे. विचारलं तर म्हणायचे, “आत जाताना दार वाजवावं.” दोन ताऱ्यांच्या गणितात त्यांनी वीस वर्षांपूर्वी जी वाट पाडली, तिच्यावरून आज जगभरची मंडळी चालतात. त्या वाटेचं पहिलं पाऊल म्हणजे सरांची चाळणी.

चाळणी म्हणजे प्रोग्रॅमच्या अगदी सुरुवातीची एक ओळ. हजारो पदांतली निरुपयोगी पदं ती आधीच बाजूला काढायची. निरुपयोगी कोणती? तर ज्या पदात नागमोडी रेघ आखडून आखडून नाहीशीच झाली, ते. रेघच नाही म्हणजे दोन वस्तू एकमेकींना चिकटल्या. आपले तारे तर कोसांनी लांब आहेत, ते कशाला चिकटतील? टाका ते पद. टाकलेली पदं एका वेगळ्या फाइलीत जाऊन पडायची. त्या फाइलीचं नाव सरांनीच ठेवलं होतं, ‘केर’. आजवर तो केर कोणी उघडून पाहिला नव्हता.

आता संकट ऐका. वस्तू अगदी सावकाश चालत असतील तर तिघांची ओढ किती, हे जुन्या जाणत्यांनी वेगळ्याच मार्गाने फार पूर्वी काढून ठेवलेलं आहे. ते सूत्र शंभर वेळा तपासलं गेलंय. तेव्हा भाचीच्या मोठ्या सूत्रात वेग कमी कमी करत नेला, की शेवटी ते जुनं सूत्र हाती लागायलाच हवं. नाही लागलं तर तीन वर्षं पाण्यात.

भाचीने वेग कमी केला. उत्तर आलं शून्य.

थोडं कमी नाही, थोडं जास्त नाही, चिन्हाची चूक नाही. शून्य. जणू तिसरा असून नसल्यासारखा.

पहिल्या आठवड्यात ती हसली. दुसऱ्या आठवड्यात जेवण कमी झालं. तिची शंका होती वजाबाकीवर. तिघांच्या सूत्रात जोडीजोडीच्या ओढींची उजळणीही मिसळलेली असते, ती काळजीपूर्वक काढून टाकावी लागते. तिथेच काहीतरी जास्तीचं वजा होत असणार, असं धरून तिने ती वजाबाकी चाळीस दिवसांत अकरा वेळा केली. अकरा वेळा शून्य.

“चाळणीत काही नसेल ना?” शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला तिने एकदा दबक्या आवाजात विचारलं. त्याला सगळे बडबड्या म्हणायचे.

“सरांच्या चाळणीवर संशय?” बडबड्याने डोळे मोठे केले. “घे, घे. उद्या पाढ्यांवर घे. परवा सूर्य कुठून उगवतो त्याची चौकशी लाव.”

“सहज विचारलं रे.”

“सहजही विचारू नकोस. भिंती त्यांच्या बाजूच्या आहेत.”

आणि खरं सांगायचं तर भाचीलाही ते पटलं. सरांना ती देवासारखं मानायची. ज्याच्या बोटाला धरून चालायला शिकलो, त्याचं पहिलंच पाऊल चुकलं असेल हे मनात तरी कसं यावं? चूक आपलीच, असं ती म्हणायची, आणि पुन्हा वजाबाकीला बसायची.

मुदत संपायला दोन दिवस उरले तेव्हा सरांनी तिला बोलावलं. टेबलावर दोन ओळींचं टाइप केलेलं पत्र होतं.

“हे पाहून घे,” सर म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा मऊ होता. “यात लिहिलंय की ही वाट तीन वस्तूंना लागू पडत नाही, म्हणून काम बंद. शनिवारी सकाळी सही करू. सोमवारी मला सगळ्यांसमोर व्याख्यानात तसं सांगायचंय. खोटी आशा लावून ठेवणं बरं नाही, मुली. तुलाही आणि मलाही.”

“आणि शनिवारपर्यंत चूक सापडली तर?”

“तर मी पेढे वाटीन. पण चाळीस दिवसांत नाही सापडली.”

काम बंद म्हणजे नुसती नोकरी जाणार असं नव्हतं. नोकरी काय, दुसरी मिळते. पण सरांनी एकदा भर सभेत ‘तिघांना ही वाट लागू नाही’ म्हटलं, की पुढची वीस वर्षं त्या वाटेला कोणी फिरकलं नसतं. ती गाठ, जिच्यासाठी भाची भर रस्त्यात थांबली होती, तशीच अंधारात राहिली असती. हे तिच्या जिवाला लागलं.

शुक्रवारी ती संस्थेत गेलीच नाही. जेवणाच्या टेबलावर कोरे कागद पसरले. कॉम्प्युटर बंद. ठरवलं, सगळ्यात सोपं, सावकाश चालणाऱ्या तीन वस्तूंचं गणित पहिल्यापासून हाताने करायचं. पलीकडे मावशी चादरींना इस्त्री करत होती. खिडकीतून दुपारचं ऊन अर्ध्या टेबलापर्यंत आलं होतं.

तासाभराने पान भरलं आणि भाचीने पेन्सिल आडवी धरून फराफर तीन पदं खोडली.

“काय गं, एवढं रागाने काय खोडलंस?”

“रागाने नाही. ही पदं खोडायचीच असतात.”

“कोणी सांगितलं?”

“मावशी, तुला नाही कळायचं.”

“नाही ना कळायचं? बरं.” मावशीने इस्त्री उभी केली. “मला एवढं कळतं की आमच्या वॉर्डात रोग्याच्या कागदावरचं एखादं औषध खोडलं, तर शेजारी लिहावं लागायचं. का खोडलं, कोणाचं खोडलं. मोठ्या डॉक्टरांनी खोडलं तरी. नाही लिहिलं तर मी कागद परत पाठवायचे. एकदा दोन खाटांची औषधं एकाच रेघेत खोडली होती शहाण्याने.”

“इथे रोगी नाहीत.”

“तुझ्याकडे बघून तसं वाटत नाही. लिही. तेवढंच दोन मिनिटं काहीतरी वेगळं करशील.”

भाचीने सुस्कारा टाकला. मावशीशी वाद घालण्यापेक्षा लिहिणं सोपं. पहिल्या खोडलेल्या पदाशेजारी तिने लिहायला घेतलं : ‘पहिल्या वस्तूची नागमोडी रेघ आखडून नाहीशी झाली. म्हणून दोन वस्तू एकमेकींना चिकटल्या. म्हणून’

पेन्सिल थांबली.

“झालं लिहून?” मावशी.

भाचीने लिहिलेलं अर्धं वाक्य पुटपुटत पुन्हा वाचलं.

“कोण कोणाला चिकटलं?” मावशीने चादरीची घडी घालत विचारलं.

“पहिली वस्तू...”

“हं. कोणाला?”

भाचीने चित्राकडे पाहिलं. तीन नागमोडी रेघा, मधे गाठ. पहिल्याची रेघ आखडली, शून्य झाली. मग गाठ कुठे गेली? गाठ सरकून पहिल्या वस्तूवरच येऊन बसली. आणि तिथून एक रेघ दुसऱ्याकडे, एक तिसऱ्याकडे. लांबच लांब. दोन्ही शाबूत. दुसरा तिथे कोसांवर, तिसरा इकडे कोसांवर. कोणीच कोणाला चिकटलेलं नाही!

दोनच वस्तू असतात तेव्हा रेघ एकच असते. ती गेली की दोघं चिकटली, हे खरंच. पण तिघांत एक रेघ गेली तरी दोन उरतात. सरांची चाळणी दोघांची होती. तिघांचं धान्य तिच्यात घातलं, आणि ती इमानाने आपलं काम करत राहिली. आणि सगळे, भाची स्वतःसुद्धा, हाताने गणित करतानाही ती तीन पदं आधी खोडायचे आणि मग पुढे जायचे. चाळीस दिवस ती हरवलेली वस्तू घरभर शोधत होती, आणि रोज सकाळी स्वतःच्याच हाताने ती उंबऱ्याबाहेर ठेवत होती.

“कोणालाच नाही,” भाची म्हणाली. आवाज इतका बारीक की इस्त्रीची वाफ मोठी वाटली. “मावशी, कोणीच कोणाला चिकटत नाही.”

“मग खोडलंस कशाला?” मावशी म्हणाली, आणि पुढची चादर घेतली.

भाचीने रबर घेऊन खोडण्यासाठी मारलेल्या रेघा पुसल्या. तिन्ही पदं कागदावर पुन्हा उभी राहिली. तिघांची वजनं एकत्र गुणायची, आणि त्या गुणाकाराला दोन अंतरांनी भागायचं. एकदा पहिला मधे, त्याच्यापासून बाकी दोघांची अंतरं. एकदा दुसरा मधे. एकदा तिसरा मधे. प्रत्येकाला एकेकदा मधे बसण्याचा मान, कोणी थोरला नाही, कोणी धाकटा नाही. तिने जुन्या जाणत्यांचं सूत्र शेजारी ठेवलं. अक्षराला अक्षर. चिन्हाला चिन्ह.

असं बघा, कणांच्या विखुरण्यातून निघालेली ती तीन पदं आणि आकाशातल्या गोलांवरून कोणे एके काळी काढलेली ती तीन पदं, दोघांची कधी गाठभेट नाही, आणि दोघं एकच शब्द बोलत होती. भाची टेबलावर डोकं टेकून रडली. मावशीने इस्त्री बंद केली, जवळ आली, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “कागद भिजतील.”

आता तुम्ही म्हणाल, गोष्ट संपली. अहो, अवघड भाग तर पुढेच आहे. शनिवारी सकाळी सरांसमोर उभं राहून सांगायचं होतं की चूक तुमच्या पहिल्या ओळीत आहे.

जिन्यावरून उतरताना तिने मोठं भाषण तयार केलं. बसमध्ये ते लहान केलं. सरांच्या दारात त्यातलं एक वाक्य उरलं होतं, तेही तिने अर्धवटच म्हटलं.

“सर, चाळणी दोघांची आहे.”

सर पत्राशेजारी पेन उघडून बसले होते. “काय म्हणालीस?”

“तिघांत एक रेघ गेली तरी वस्तू चिकटत नाहीत, सर. चाळणी ती पदं केरात टाकते.”

सरांचा चेहरा हळूहळू तांबडा झाला. “ती चाळणी मी बांधली तेव्हा तू पाढे म्हणत होतीस. वीस वर्षं जग ती वापरतंय. आणि आज, मुदत संपायच्या दिवशी, तुला तिच्यात भोक दिसलं?”

“भोक नाही, सर. चाळणी चांगलीच आहे. धान्य वेगळं आहे.”

तिने कागद पुढे केला. सरांनी कागद पाहिला. खोडलेल्या आणि पुन्हा पुसलेल्या रेघांशेजारचं ते अर्धवट वाक्य वाचलं. मग वर न बघता म्हणाले, “बाहेर थांब.”

बाहेरच्या बाकावर भाची दीड तास बसली. आतून खडूचा आवाज येत होता, टकटक, मग लांब ओढ, मग पुसल्याचा आवाज, पुन्हा टकटक. बडबड्या येऊन शेजारी बसला. जन्मात पहिल्यांदा तो गप्प होता. एकदाच कुजबुजला, “जिवंत आहेस ना?” तिने मान हलवली. मग खडू थांबला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. भाचीला वाटलं, संपलं. त्या माणसाचं आपण मन मोडलं. तीन वर्षं गेली असती तर बरं झालं असतं, असंही तिला क्षणभर वाटून गेलं.

दार उघडलं. सरांची बाही कोपरापर्यंत पांढरी झाली होती, कपाळावरही खडू.

“आत ये,” ते म्हणाले. “तूही ये रे, कान लावून बसलायस तो.”

फळा काठोकाठ भरला होता. वरच्या कोपऱ्यात सरांनी तेच वाक्य पुन्हा लिहायला घेतलं होतं, ‘दोन वस्तू एकमेकींना चिकटल्या. म्हणून’, आणि तेही तिथेच थांबले होते. खाली मात्र ते पुढे गेले होते.

“तू एक रेघ गेलेली पदं परत घेतलीस,” सर म्हणाले. “बरोबर केलंस. पण दोन रेघा गेल्या तर? ते पाहिलंस?”

“नाही, सर.”

“दोन गेल्या की गाठ एकाच वेळी दोन वस्तूंवर बसली. म्हणजे त्या दोघी खरोखर चिकटल्या. ती मात्र टाकायची. सरसकट सगळा केर घरात आणायचा नाही, समजलं?” त्यांनी फळ्यावर बोट टेकलं. “एक गेली तर ठेवा, दोन गेल्या तर टाका. ही तिघांची चाळणी. वीस वर्षांपूर्वी एवढं लिहायला मला दोन मिनिटं लागली असती. विचारलंच नाही स्वतःला.”

मग ते कॉम्प्युटरसमोर बसले. जुना प्रोग्रॅम उघडला. सगळ्यात वरती ती ओळ होती, जिच्यामुळे जग त्यांना ओळखायचं. बडबड्या चटकन म्हणाला, “सर, मी बदलतो.”

“नको,” सर म्हणाले. “ज्याने लिहिली त्यानेच पुसावी.” आणि एकेक अक्षर करत त्यांनी ती पुसली. एका बोटाने. नवीन लिहिली. मग भाचीकडे वळून म्हणाले, “तू चालव.”

कॉम्प्युटरला अकरा मिनिटं लागली. कोणी खुर्चीत बसलं नाही. पडद्यावर पदांमागून पदं येत होती, आपसात कापली जात होती, विरत होती, आणि शेवटी सावकाश चालणाऱ्या वस्तूंच्या रकान्यात शून्याच्या जागी तीनच पदं उरली. एकदा पहिला मधे, एकदा दुसरा, एकदा तिसरा.

आणि त्याच्या खाली, सर्व वेगांसाठी, ते पुरतं सूत्र. ते आजवर कोणी पाहिलं नव्हतं. लांबलचक होतं, पण वेडंवाकडं नव्हतं. भाचीने वस्तूंचे क्रमांक आपसात बदलून पाहिले, पहिल्याला तिसरा केलं, दुसऱ्याला पहिला. सूत्र जागचं हललं नाही. तिघांना कुठल्याही नावाने हाक मारा, ते आपलं तसंच. तिला वाटलं, डोळ्यांसमोर काहीतरी हळूच वळून तिच्याकडे पाहतंय. हे सूत्र कोणी केलं नव्हतं. ते होतंच. पहिले तीन तारे पहिल्यांदा एकमेकांजवळून गेले तेव्हाही होतं, माणसाच्या जन्माआधी, मुंगीच्या जन्माआधी. नुसतं कोणीतरी येऊन दार वाजवावं म्हणून वाट पाहत होतं.

सर उभे राहिले. आखडलेला गुडघा सरळ करायला त्यांना वेळ लागला. त्यांनी पडद्यासमोर हात जोडले. तसेच राहिले. बडबड्याने इकडेतिकडे पाहिलं आणि त्यानेही जोडले. भाचीचे कधीच जोडलेले होते.

मग सरांनी फोन उचलून ऑफिसला लावला.

“त्या मुलीचं काम बंद होत नाहीये. मुदत आणखी एक वर्ष वाढवा... कारण? लिहा, चूक सापडली... हो, चूक सापडली म्हणूनच. बंद करायला नाही, वाढवायला... कोणाची चूक? रकाना आहे का तसा? असेल तर माझी लिहा.” थोडा वेळ ते ऐकत राहिले. “अहो, नाव विचारताय कशाला, ओळखत नाही का मला? तोच. चाळणीवाला.”

सोमवारी सभागृह भरलं होतं. लांबलांबची मोठी माणसं आली होती. सरांनी फळ्यासमोर डोळे मिटले, नेहमीसारखे उभे राहिले, आणि मग पहिलं चित्र काढण्याआधी आपली जुनी ओळ मोठ्या अक्षरात लिहून म्हणाले, “ही माझी चूक. वीस वर्षं तुम्ही सगळ्यांनी ती माझ्या भिडेखातर सांभाळलीत. आता ती मला परत द्या.” मग त्यांनी आपली खडूची डबी उघडली, पहिल्या रांगेत बसलेल्या भाचीपुढे धरली, आणि ते खाली तिच्या खुर्चीत जाऊन बसले. पुढचं सगळं तिने सांगितलं. ते वही काढून शेवटपर्यंत लिहून घेत होते, विद्यार्थ्यासारखे, मधेच चष्मा पुसत.

भाची पुढे पुष्कळ शिकली, तिने पुष्कळ मांडलं, त्याची काळजी आपण करायला नको. मावशीही खुशाल आहे, चादरींना अजून इस्त्री करते आणि व्याख्यानाचा फोटो पाहून एवढंच म्हणाली, “केस विंचरून गेली असतीस तर?” पण सरांचं आता वय झालंय. गुडघ्याने जिना चढवत नाही, नजर अधू झालीय, संस्थेत क्वचित येतात. तेव्हा मंडळी, घरी जाताना वर चंद्र दिसला, किंवा नाही दिसला तरी, त्या म्हाताऱ्याची आठवण करा. सगळं जग मान देत असताना ज्याने आपल्या नावाची ओळ आपल्याच बोटाने पुसली, त्याच्यासाठी दोन क्षण डोळे मिटा, आणि जो कोणी तुमचा देव असेल त्याला सांगा, या माणसाला सांभाळ.